भाड्यात हप्ता निघतो का? सहा बिऱ्हाडांच्या बिल्डिंगचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे ४५ वर्षांचे, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत सुपरवायझर, हातात पगार ६८ हजार. सानेगुरुजी वसाहतीत दीड गुंठ्यावर स्वतःचं तळमजल्याचं घर आहे, त्यावर कर्ज नाही. गावाकडच्या वाटणीचे ४२ लाख हातात आलेत. जवाहरनगरात एक बिल्डिंग विकायला निघाली आहे. खालीवर मिळून चार वन बीएचके, आठ-आठ हजार भाड्याचे, आणि गच्चीवर दोन खोल्या, साडेसहा हजाराच्या. मालक १ कोटी १० लाख मागतोय. एजंटाचं म्हणणं, ७५ लाख कर्ज काढा, ४५ हजार भाडं येतंय, हप्ता भाड्यातच निघतो. बँकेनं कमी दिलं तर उरलेलं पतसंस्थेतून बघू. घ्यावी का?

आधी उत्तर सांगतो: या किमतीला, एवढं कर्ज काढून, नको. मी सहकारी बँकेच्या कर्ज खात्यात होतो आणि राजारामपुरीत आमची वडिलांच्या काळापासूनची आठ बिऱ्हाडांची इमारत मीच बघतो. त्यामुळे असे प्रस्ताव कर्ज देणाऱ्याच्या खुर्चीतूनही पाहिलेत आणि भाडं गोळा करणाऱ्याच्याही. भाड्याच्या मिळकतीला माझा विरोध नाही, उलट त्यावर आमचं घर चाललंय. पण तुमचा प्रश्न खरं तर बिल्डिंग चांगली की वाईट हा नाहीच. भाडं येणार नाही त्या महिन्यात हप्ता कोण भरणार, हा आहे.

४५ हजार हा आकडा सगळी बिऱ्हाडं भरलेली असताना आणि सगळ्यांनी वेळेवर दिलं असताना येतो. वर्षाचे ५ लाख ४० हजार. जवाहरनगर विद्यापीठाच्या जवळ, त्यामुळे भाडेकरूंत विद्यार्थी असणार. मे महिन्यात परीक्षा संपल्या की खोली रिकामी, ॲडमिशन होईपर्यंत रिकामीच. मी प्रत्येक बिऱ्हाडामागे वर्षाला एक महिना रिकामा धरतो. म्हणजे ४५ हजार गेले, राहिले ४ लाख ९५ हजार. घरफाळा आणि पाणीपट्टीला २५ हजार धरा (स्वतः राहता तो मजला आणि भाड्यानं दिलेला मजला यांची आकारणी सारखीच असेल असं गृहीत धरू नका, शेवटची पावती बघा). जिन्यातले दिवे, पंप, झाडलोट, टाकी धुणं यांना ३० हजार. दुरुस्तीला ४० हजार, आणि हे कमीच आहेत. एखाद्या पावसाळ्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग काढलं की दोन वर्षांची दुरुस्ती एका बिलात जाते. विम्याला पाच हजार. हातात राहिले ३ लाख ९५ हजार, महिन्याला ३३ हजाराला थोडे कमी.

आता हप्ता. ७५ लाख, साडेनऊ टक्के, १५ वर्षं: महिन्याला ७८ हजार ३०० रुपये. वीस वर्षं आणि साडेआठ टक्के धरले तरी ६५ हजार होतात. पण तुम्ही ४५ चे आहात, पगारदाराला बँक निवृत्तीच्या पुढे मुदत सहसा देत नाही. म्हणजे दरमहा ४५ हजार पगारातून घालायचे. ६८ मधून ४५ गेले की घरात राहिले २३ हजार. एजंटाच्या वाक्यात हे येत नाही, कारण त्याची दलाली खरेदीपत्राच्या दिवशी निघते.

मग ही मिळकत किती कर्ज पेलते? मी उलटा हिशेब करतो. खर्च जाऊन उरलेलं भाडं हप्त्याच्या सव्वापट तरी पाहिजे. ३३ हजाराला सव्वानं भागलं की २६ हजार ४०० आले. साडेनऊ टक्क्यांनी १५ वर्षांत त्या हप्त्यात साधारण २५ लाख बसतात. सव्वापट हे बँकेच्या खुर्चीत बसून काढलेलं खूळ नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते तो) ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला आणि रेपोला जोडलेली कर्जं त्याच्यामागे चढली. २०२५ मध्ये तो टप्प्याटप्प्यानं सव्वापाचपर्यंत उतरला, पण तुमची १५ वर्षं उतारावरच जातील याची हमी कोणी देत नाही. २५ लाखांवर दर साडेनऊचा बारा झाला तरी हप्ता ३० हजार होतो, भाड्यात निघतो. ७५ लाखांवर तोच बारा टक्के झाला तर हप्ता ९० हजार. तुमचा पगार आणि भाडं दोन्ही तिथं जवळजवळ संपलं.

बँक ७५ लाख देईल का, हेही बघू. एजंट ‘गृहकर्ज ८० टक्के मिळतं’ म्हणतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमात ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जाला किमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा आहे हे खरं. पण ती कमाल मर्यादा आहे, तुमचा हक्क नव्हे, आणि मुद्रांक शुल्क-नोंदणीचे पैसे त्या किमतीत धरत नाहीत. ते साधारण सात लाख तुमच्या खिशातून. शिवाय २००९ पासून रिझर्व्ह बँकेच्या सूचना अशा आहेत की भाड्यानं द्यायची घरं दोनपेक्षा जास्त असतील तर तिसऱ्या घरापासून पुढचं कर्ज व्यावसायिक स्थावर मालमत्तेचं समजायचं, कारण परतफेड भाड्यावर अवलंबून असते. तुमची घरं सहा. म्हणून शाखेत पहिल्या दिवशी ‘होऊन जाईल’ म्हणतात आणि फाइल वर गेली की दर वाढतो, मुदत घटते, मिळकत तारण कर्जाची भाषा सुरू होते. त्यात मूल्यांकनाच्या ५०-६० टक्क्यांवर हात आखडतो. आणि परतफेडीची ताकद बघताना बँक तुमचं सगळं भाडं धरत नाही. साठ-सत्तर टक्के धरलं तर ३० हजार, अधिक पगार ६८, झाले ९८. त्यात ७८ चा हप्ता कोणताही शहाणा कर्ज अधिकारी बसवणार नाही.

तिथं पतसंस्था येते. पतसंस्थांना मी नावं ठेवत नाही, आपल्या जिल्ह्यात दुकानदार, शेतकरी, गाडीवाले त्यांच्यावरच उभे राहिले. पण बँकेच्या हप्त्यावर पतसंस्थेचा महाग, कमी मुदतीचा हप्ता चढवून १५ वर्षांची मिळकत घेणं म्हणजे बैलगाडीला ट्रॅक्टरची ट्रॉली जोडण्यासारखं आहे. त्यात जामीनदार कोण? मेहुणा, नाहीतर फाउंड्रीतला सहकारी. उद्या दोन बिऱ्हाडं रिकामी झाली तर नोटीस त्यांच्या घरी जाते.

‘व्याजावर टॅक्स वाचतो’ हेही तुम्ही लिहिलंय. भाड्याच्या उत्पन्नातून भरलेला घरफाळा वजा होतो, उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, आणि भाड्यानं दिलेल्या घराचं पूर्ण व्याज वजा करता येतं, इथवर बरोबर. पण ७५ लाखांचं पहिल्या वर्षाचं व्याजच सात लाख. त्यातून जो साडेतीन-पावणेचार लाखांचा तोटा दिसेल, तो जुन्या करप्रणालीत पगारातून फक्त २ लाखांपर्यंत वजा होतो. नव्या प्रणालीत पगारातून एक रुपयाही नाही. तुमच्या कंपनीत नवीन प्रणाली लावली असेल तर हा मुद्दा डोक्यातून काढा.

आता बिल्डिंगकडे. तुमच्या वर्णनात मला टोचलं ते ‘गच्चीवर दोन खोल्या’. मंजूर नकाशा मागा, भोगवटा प्रमाणपत्र मागा, आणि त्या दोन खोल्या त्यात दिसतात का बघा. वर पत्रा आहे का, संडासाची पाइप बाहेरून खाली आणलेली आहे का, मीटर स्वतंत्र आहे की खालच्या ब्लॉकमधून वायर ओढलीय? अशी चिन्हं दिसली तर त्या नंतर चढवलेल्या असण्याची शक्यता दाट. मग बँकेचा व्हॅल्युअर त्या धरणार नाही, आणि तुम्हीही धरू नका: महिन्याचे १३ हजार हिशेबातून गेले, भाडं ३२ हजारावर आलं. किंमत मात्र मालक सहा बिऱ्हाडांची मागतोय. भाव करायला इथं जागा आहे, पण तो कागद हातात घेऊन करा. प्रॉपर्टी कार्डावर कुणाकुणाची नावं आहेत, वारसांपैकी बहिणींचे हक्कसोड झालेत का, जुना बोजा कमी झालाय का, हे सगळं तीस वर्षांच्या सर्च रिपोर्टमध्ये (वकील जुने दस्त तपासून देतो तो अहवाल) येतं. वकील तुमचा घ्या, एजंटाचा नको. पाचगाव, उचगावकडे स्वस्तात बिल्डिंग दाखवतील, तिथं तर परवानगी नेमकी कुणाची हे आधी बघायचं. नुसत्या ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर उभं राहिलेलं बांधकाम बँकेच्या वकिलाकडे अडतं.

पुराचं एका ओळीत: जवाहरनगरला ती भीती नाही, पण त्याच एजंटानं नागाळा पार्कचा खालचा भाग, दुधाळी किंवा शाहूपुरीची कुंभार गल्ली दाखवली तर २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर होतं ते शेजारच्या घराच्या भिंतीवर विचारा. दोन्ही वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर होती. धोक्याची पातळी ४३ आहे.

भाडेकरूंबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण बिल्डिंग घेणाऱ्यांचं लक्ष खरेदीपत्रावर असतं आणि डोकेदुखी भाडेकरारात असते. मिळकत घेता तेव्हा आतली माणसंही घेता. सहाही जणांचे करार बघायला मागा. एखादा ‘काका जुने आहेत, करार-बिरार काही नाही, नऊशे रुपये देतात’ असा निघाला, तर त्याला भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असू शकतं आणि ते मालक बदलला म्हणून जात नाही. तो ब्लॉक आठ हजाराचा नाही, नऊशेचा. बाकीच्यांची डिपॉझिटं जुन्या मालकाकडे आहेत, ती किमतीतून वजा करून घ्या आणि भाडेकरू, जुना मालक, तुम्ही अशा तिघांच्या सह्यांचा कागद करा. नाहीतर एक वर्षानं पोरगं खोली सोडताना तुमच्याकडे पंचवीस हजार मागतं, आणि त्याचं बरोबरच असतं.

‘अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही’ हे कोल्हापुरात अजून दहातले आठ जण सांगतील. महाराष्ट्रात ते चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदलेलाच पाहिजे, मुदत कितीही असो, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून मोठा तोटा असा की वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं. आणि खर्च किती? आठ हजार भाडं, तीस हजार परत करायचं डिपॉझिट, अकरा महिने: मुद्रांक शुल्क पाव टक्क्यानं तीनशे रुपयांच्या आत बसतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. ऑनलाइन करणारा घरी येऊन अंगठे घेऊन जातो, त्याची मजुरी वेगळी. एवढ्यासाठी नोटरीचा कागद करून निवांत राहणारे मालक मला कळत नाहीत.

नोंदलेला लिव्ह अँड लायसन्स असेल तर मुदत संपूनही न सोडणाऱ्याविरुद्ध कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दरानं भरपाई मागता येते. नळ बंद करणं, फ्यूज काढणं असले प्रकार करू नका. कायद्यानं अंगाशी येतात आणि पोलीस ठाण्यात तुम्हीच आरोपी म्हणून उभे राहता.

भाडेकरू निवडताना मी पगाराची स्लिप बघतो, पण त्याआधी जुन्या घरमालकाला फोन करतो. ‘का सोडलं?’ या प्रश्नावर समोरचा किती वेळ गप्प बसतो, त्यावरून बरंच कळतं. गोकुळ शिरगाव, कागलला शिफ्टमध्ये काम करणारी कुटुंबं माझ्याकडे सगळ्यात जास्त टिकलीत. विद्यार्थी भाडं जास्त देतात, पण भांडी, गाड्या, मित्र आणि शेजाऱ्यांची तक्रार सोबत येते. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ ला सुरू झाल्यापासून भाऊसिंगजी रोड, सीपीआर हॉस्पिटलच्या बाजूला वकिलांची विचारणा वाढलीय, पण त्यांना ऑफिसला जागा पाहिजे असते, तुमच्या जवाहरनगरच्या वन बीएचकेचा त्याच्याशी संबंध नाही. एजंट तेही सांगेल म्हणून आधीच लिहिलं. पाहुण्यांना, म्हणजे नातेवाइकांना, मात्र भाड्यानं देऊ नका. पाहुण्याकडे भाडं मागता येत नाही आणि मागितलं तर लग्नाला बोलावत नाहीत.

किल्ली देताना एक काम करतो: वीजमीटरच्या आकड्याचा फोटो, नळ-बेसिन-फॅन-बटणांची यादी, भिंतींचे चार फोटो, सगळं त्याच्यासमोर त्याच्याच व्हॉट्सॲपवर. सोडून जाताना वाद राहत नाही. मीटर प्रत्येक बिऱ्हाडाला महावितरणचं स्वतंत्र पाहिजे. पाण्याला एकच कनेक्शन असेल तर एका टाकीवर सहा घरं भांडतात, म्हणून टाक्या वेगळ्या करून घ्या. भाडं एकाच वेगळ्या खात्यावर यूपीआयनं येऊ दे, खर्चही त्यातूनच. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती त्याच आठवड्यात द्या.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. तुमच्याकडे दीड गुंठ्यावर बिनकर्जाचा तळमजला आहे. वर नऊशे चौरस फुटांत दोन वन बीएचके बसतात. १९०० रुपये फुटानं १७ लाख, जिना, टाकी, मीटर, परवानगी धरून २० लाख म्हणू. दोन बिऱ्हाडांचं १६ हजार भाडं म्हणजे वर्षाला १ लाख ९२ हजार, गुंतवणुकीवर साडेनऊ टक्के. जवाहरनगरच्या बिल्डिंगवर खर्च न काढता हाच आकडा पाचच्या आत येतो. फरक एवढा का? कारण तिथं तुम्ही जागेचे पैसे मोजताय आणि भाडेकरू जागेचे पैसे देत नाही, तो खोली, नळ आणि संडासाचे देतो. सानेगुरुजीत जागा तुमची आहेच.

यात एक ‘पण’ आहे. गच्चीवर कॉलमच्या सळ्या सोडल्यात म्हणजे पाया दोन मजल्यांचा आहे असं नाही. बऱ्याच ठिकाणी गवंड्यानं ‘पुढं-मागं लागतील’ म्हणून सोडलेल्या असतात, आणि त्या गंजून पापुद्रे निघालेले असतात. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावून एका कॉलमचं फुटिंग (जमिनीखालचा पाया) उघडून बघा, त्याचं लेखी घ्या, मग नकाशा मंजुरीला टाका. पाया झेपत नसेल तर हा पर्याय बाद, आणि तसं झालं तर मी ४२ लाखांत स्वच्छ कागदांचे एक-दोन छोटे ब्लॉक बघेन. कर्ज फार तर पाच-सात लाख, सहा हप्त्यांएवढी रक्कम आधी बाजूला ठेवून. बदलत्या दराचं गृहकर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड नसतो. व्यवसायाच्या नावानं दिलेल्या कर्जालाही १ जानेवारी २०२६ पासून बऱ्याच बँकांत तो लागत नाही, पण लहान सहकारी बँक असेल तर मंजुरीपत्रात वाचून सही करा.

तरीही जवाहरनगरची बिल्डिंग मनात बसली असेल, आणि भावाबरोबर किंवा मेहुण्याबरोबर अर्धे-अर्धे घेऊन कर्ज २५ लाखांत राखता येत असेल, तर मी वेगळं बोलेन. त्यात गच्चीच्या खोल्या वगळून किंमत ठरली पाहिजे. एजंट या आठवड्यात दोन लाखांचं संचकार (इसार) मागतोय म्हणालात. सर्च रिपोर्ट येईपर्यंत देऊ नका. द्यायचंच झालं तर चेकनं द्या, आणि संचकारपत्रात तीन गोष्टी लिहून घ्या: कागदांत दोष निघाला किंवा बँकेनं कर्ज नाकारलं तर पूर्ण रक्कम अमुक दिवसांत परत, सहाही भाडेकरूंची नावं-भाडं-डिपॉझिट यांची यादी मालकाच्या सहीनिशी, आणि गच्चीवरच्या खोल्या मंजूर आहेत की नाहीत याबद्दल मालकाचं स्पष्ट विधान. तिसऱ्यावर मालक सही करायला कां-कूं करू लागला, तर सर्च रिपोर्टचे पैसेही खर्च करू नका.